मुलीचा अडीच महिन्यांचा डोस राहिलाय, आता सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का?

दादा, तुमचा प्रश्न जरा मोठा आहे म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहिते. मुलगी साडेतीन महिन्यांची. जन्मल्यावरच्या आणि दीड महिन्याच्या लसी झाल्या, दीड महिन्याला रात्रभर ताप आला, लई रडली. मग अडीच महिन्यांच्या वेळी सर्दी होती म्हणून गेला नाही, आणि आता आजी म्हणत्यात राहू दे, बाळ चांगलं खेळतंय. तुम्ही विचारताय परत पहिल्यापासून घ्यायच्या का, सरकारी घ्यावी की खाजगीतली पेनलेस, आणि दंडावर बीसीजीचा (क्षयरोगाच्या लसीचा) फोड अजून आहे त्याचं काय.

मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात उपकेंद्राला आरोग्यसेविका आहे, हे प्रश्न मला रोजचे.

नाही, पहिल्यापासून काहीच करायचं नाही. मालिकेतला एखादा एपिसोड चुकला म्हणून कोण पहिल्यापासून बघत बसत नाही, तसंच. आधीचा डोस शरीराच्या लक्षात असतो, जिथं थांबलाय तिथनं पुढं चालू करायचं. म्हणजे आता पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ आणि रोटाचा (जुलाबावरची तोंडातनं द्यायची लस) दुसरा डोस, त्यानंतर किमान चार आठवड्यांनी तिसरा. पीसीव्ही (न्यूमोनियावरची लस) आणि आयपीव्हीच्या (पोलिओची सुई) दुसऱ्या डोसला पहिल्या डोसपासून आठ आठवड्यांचं अंतर लागतं, ते तुमचं होऊन गेलंय, तेव्हा ते याच खेपेला द्यायचे का पुढच्या हे सिस्टर कार्ड बघून सांगतील. नऊ महिन्यांच्या लसी नऊ महिन्यांनाच, त्या पुढं ढकलायच्या नाहीत.

आता गंमत बघा, तुम्ही जो डोस चुकवलाय तो सगळ्यात सोपा होता. दीड महिन्याला बाळाला तीन सुया असतात, डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही आणि उजव्या दंडावर आयपीव्ही, वर तोंडातनं पोलिओ आणि रोटा. अडीच महिन्याला सुई एकच, पेंटाची, बाकी तोंडातनं. साडेतीन महिन्याला परत तीन. आईबाप पहिल्या खेपेला घाबरतात आणि नेमकी एका सुईची खेप चुकवतात, हे मी सारखं बघते.

सर्दीचं म्हणाल तर साधी सर्दी, खोकला, पातळ शी, अंगात थोडी कणकण, अँटिबायोटिक चालू आहे, दात येतायत, यातल्या कशानेही लस थांबवायची गरज नसते. वजन कमी असलेल्या किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळालाही जन्मतारखेपासूनच वय मोजायचं. थांबायचं कधी, तर बाळ खरंच आजारी आहे, जोराचा ताप आहे किंवा ॲडमिट आहे तेव्हा, आणि ते पण बरं होईपर्यंतच. मागच्या डोसनंतर झटके आले असतील, बेशुद्ध पडलं असेल किंवा अंगभर गांधी येऊन श्वास लागला असेल तर पुढचा डोस घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगायचंच. रात्रभर ताप आणि रडणं त्यात बसत नाही.

ताप का येतो ते पण ऐका, कारण आजींची खरी भीती तीच आहे. पेंटामध्ये पाच रोगांवरची लस असते, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब म्हणजे मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा एक जंतू. यातला डांग्या खोकल्याचा भाग मारलेल्या अख्ख्या जंतूपासून बनवतात, त्याला शरीर जोरात उत्तर देतं, म्हणून एक-दोन दिवस ताप, मांडी सुजलेली, चिडचिड. औषध पॅरासिटामॉल, आणि ते वजनावर ठरतं, कार्डावर सिस्टरकडनं लिहूनच घ्या. इथं एक गोष्ट नीट बघा, थेंबांच्या बाटलीत एका मिलीला १०० मिलिग्रॅम असतं आणि साध्या सिरपमध्ये पाच मिलीला १२० किंवा १२५, म्हणजे थेंब चौपट तेज आहेत. सिरपच्या मापानं थेंब पाजले तर पंचाईत. मेडिकलवाल्यानं दुसरी बाटली दिली की आधी त्यावरचा आकडा वाचायचा. लस घ्यायच्या आधीच औषध पाजून आणायची गरज नाही. मांडीवर गार पाण्याची घडी ठेवा, चोळायचं नाही, शेकायचं नाही, हळद-चुना काही लावायचं नाही. दूध चालूच ठेवा. तीन तासांपेक्षा जास्त एकसारखं ओरडून रडणं, झटका, एकदम सुस्त पडणं, दूध सोडणं, दोन दिवसांनंतरही न उतरणारा ताप, यातलं काही दिसलं तर मात्र घरात बसू नका. आणि लस झाली की अर्धा तास तिथंच थांबा, गडबडीत गाडीला किक मारू नका.

आजींना मी काय म्हणते सांगू, त्यांना डांग्या खोकला माहीत आहे का विचारा. त्यांच्या पिढीतल्या बायकांना तो शब्द नुसता ऐकला तरी आठवतं. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला तो झाला तर खोकल्याचा तो आवाज पण येत नाही कधी कधी, नुसता श्वास थांबतो आणि बाळ निळं पडतं. एका डोसनं पुरेसं संरक्षण मिळत नाही, म्हणून तर महिन्याच्या अंतरानं तीन. बाळ चांगलं खेळतंय म्हणून लस नको असं नसतं, चांगलं खेळत असतानाच ती द्यायची असते. पोलिओचं बघा, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्यातली एक मुलगी, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, ते पल्स पोलिओच्या बूथवर उन्हात बसलेल्या बायकांच्या जिवावर. (हे जरा आमचं कौतुक, चालवून घ्या.) उलट बाजूनं, २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडं गोवर पसरला, लेकरं दगावली, त्यात बहुतेक लस न झालेली होती.

सरकारी का खाजगी? सरकारी लस हलकी असते हा निव्वळ गैरसमज आहे. पीसीव्ही २०२१ पासून देशभर फुकट मिळते, त्याआधी हीच खाजगीत घ्यायला लोक हजारो रुपये मोजत होते. पेनलेसवाली लस वेगळी असते हे खरं, त्यात डांग्या खोकल्याचा अख्खा जंतू नसून त्याचे काही तुकडेच असतात, म्हणून ताप कमी येतो, पण तिचा परिणाम तुलनेनं लवकर ओसरतो. सुईचं दुखणं दोन्हीकडं सारखंच. पैसे असतील आणि मनाला बरं वाटत असेल तर घ्या, वाईट काही नाही, पण पैसे जमवायच्या नादात डोस लांबवत असाल तर उद्याच सरकारीत या. गालफुगी, कांजिण्या, टायफॉइड, फ्लू यांच्या लसी आमच्याकडं नसतात, त्या पाहिजे असल्या तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

कुठंही घ्या, बाटली बघायला मागा. त्यावर एक गोल असतो आणि गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली, चौकोन गोलाएवढा गडद झाला की ती बाटली बाद. लस दोन ते आठ डिग्रीत राहायला लागते, आणि पेंटा गोठली तरी बाद होते, ते मात्र त्या खुणेवर दिसत नाही. एका दवाखान्यात लसीच्या फ्रीजमध्ये कोल्ड्रिंकची बाटली आणि टिफिन मी स्वतः बघितलाय, तिथं दिवसातनं किती वेळा दार उघडत असेल विचार करा.

इथं कोणी नवीन सिस्टर किंवा आशाताई वाचत असतील तर त्यांनाही दोन शब्द. गर्दीत आपण टोचून मोकळं होतो, पण आईला चार गोष्टी सांगायच्याच असतात: कोणती लस दिली आणि कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, परत कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणायचं. या दादांना दीड महिन्याला कोणीतरी ‘रात्री ताप येईल, घाबरू नका’ एवढं नीट सांगितलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. दुसरं, बीसीजी आणि गोवर-रुबेलाची बाटली फोडली की चार तासांत संपवायला लागते म्हणून ‘दहा पोरं जमू देत, पुढच्या वेळी या’ म्हणायचं नाही, एक मूल आलं तरी फोडायची. हंगामात ऊसतोडीची बीडकडची माणसं येतात, कारखान्याच्या कडेला पालं पडतात, तिथली एखादी बाई प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कार्ड घेऊन येते, तिला परत पाठवलं तर ती पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या फडावर असते. दुसऱ्या जिल्ह्याचं कार्ड चालतं, आता यू-विनवर (लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंद) मोबाईल नंबरनं नोंद पण सापडते, आणि कार्ड नसलं तरी लस नाकारायची नसते.

तुम्ही शहरात असाल तर महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र नाहीतर सीपीआर (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना), गावात असाल तर आशाताईला लसीकरणाच्या सेशनचा वार विचारा, अंगणवाडीतच असतं बहुतेक.

राहिला बीसीजीचा फोड. डाव्या दंडावर दोन-तीन आठवड्यांनी बारीक गाठ येते, मग फोड होतो, फुटतो, खपली धरते, हे सगळं व्हायला दोन-तीन महिने सहज लागतात. त्यातनं थोडा पू आला तरी दाबायचा नाही, मलम नको, पावडर नको, आंघोळीला पाणी लागलं तर लागू दे. काखेत मोठी गाठ आली किंवा जखम वाढतच चालली तर दाखवून घ्या. आणि व्रण उठला नाही म्हणून बीसीजी परत द्यायला लागत नाही.