भाऊ, आधी सूचक बघ

भाऊ, बॅनर नंतर छाप. विधानसभेला अपक्ष उभा राहतोयस, तर 10 सूचक, म्हणजे अर्जावर सही करून तुझं नाव सुचवणारे, लागतील, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. नुसता तालुका बघून चालत नाही. यावल तालुका रावेर आणि चोपडा मतदारसंघांत विभागलाय. माझा नववा सूचक यावलचाच, पण नाव चोपड्याच्या यादीत, आणि मी उभा रावेरमधून! छाननीत अर्ज बाद. घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

शपथपत्रात रकाना कोरा सोडू नकोस, ‘निरंक’ लिही. निवडणूक खर्चाचं बँक खातं वेगळं, अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं. खर्चाची मर्यादा 40 लाख. कार्यकर्त्यांची भरीत-पुरीसुद्धा त्यातच, वहीत रोज टीप.

आणि केळीच्या कापणीवेळी शेतात मतं मागायला जाऊ नकोस. संध्याकाळी ओट्यावर बस, अहिराणीत बोल.