गोरिलाच्या पिल्लाला दत्तक आई

प्रश्न : आईने जवळ न घेतलेलं गोरिलाचं पिल्लू प्राणिसंग्रहालयात माणसांनीच का वाढवत नाहीत?

उत्तर : पूर्वी वाढवत असत. प्राणिसंग्रहालयात जन्मलेली पहिली गोरिला कोलो (कोलंबस, अमेरिका, १९५६) माणसांच्याच हाती वाढली. पण अशा पिल्लांना पुढे कळपात वागणं जड जातं. स्वतःचं पिल्लू सांभाळणंही अनेकींना जमत नाही. म्हणून आता दत्तक आई शोधतात, आणि तेच योग्य आहे.

२०१३ मध्ये टेक्सासात जन्मलेल्या ग्लॅडिसला आईने सांभाळलं नाही, तेव्हा तिला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. तिथले रक्षक केसाळ जाकीट घालून तिला रात्रंदिवस अंगावर वागवत, बोटांच्या पेरांवर चालत, गोरिलासारखे हुंकार देत. पिल्लाने केस घट्ट धरायला शिकलंच पाहिजे; पाळण्यात ठेवलेलं पिल्लू ते शिकत नाही. शेजारीच गोरिला दिसतील, त्यांचा वास येईल, अशी जागा हवी.

खरी मेख बाटलीची. दत्तक मादीला बहुधा दूध नसतं. त्यामुळे बाटली सुरुवातीपासूनच जाळीतून द्यायची सवय लावतात. फक्त मांडीवर दूध प्यायलेलं पिल्लू पुढे जाळीपाशी येत नाही, मग उपाशी राहतं. पिल्लाला जाळीशी आणण्याचं शिक्षण मादीलाही खाऊ देऊन देतात.

ओळख आधी जाळीआडून, मग थोडा वेळ एकत्र. मादी हिसकाहिसकी करत असेल तर थांबायचं. घाई अजिबात नको. ग्लॅडिसला अखेर म्लिंझी या मादीने स्वीकारलं. कळपप्रमुख नराची भेट त्यानंतर, कारण धाक बसला की पिल्लाला धावत जाऊन बिलगायला आई लागते.