सरांना पहिलं आभारपत्र लिहिताय?
पत्र लिहायचं मनावर घेतलंत, फार छान! 'गुरुर्ब्रह्मा'ने सुरुवात नको. 'आदर्श शिक्षक' कुणालाही लागू पडतं, त्यात तुमचे सर दिसत नाहीत. एकच प्रसंग घ्या. आठवीत त्यांनी एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरून घेतला, शाळा सुटल्यावर थांबून बौद्धिक क्षमता चाचणीचे पेपर सोडवून घेतले, तर नेमकं तेच लिहा. पुढे काय झालं तेही: नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळाले, शिक्षण सुटलं नाही. फळ्यापुढे पाय लटपटायचे तेव्हा सर काय म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत येऊ द्या.

एक पान पुरे, हाताने लिहिलेलं. वर्ष आणि तुकडी हमखास विसरली जाते. ती टाका, म्हणजे इतक्या मुलांतून त्यांना तुमचा चेहरा आठवेल. ५ सप्टेंबरपर्यंत थांबू नका.