पौल: शिष्य, प्रेरित की प्रेषित?

प्रश्न इंदूरच्या रामबागेतून आलाय. घरी सगळ्यांनी मिळून 'पॉल, अपॉसल ऑफ क्राइस्ट' हा २०१८चा चित्रपट पाहिला. शेजारच्या ख्रिस्ती ताई त्याला 'प्रेरित पौलुस' म्हणाल्या, मुलाने आजीला 'येशूचा शिष्य गं' म्हणून मोकळं केलं, आणि आजी विचारत राहिल्या, 'प्रेरित, पण कशाने?' मराठीत या 'अपॉसल'ला नेमकं काय म्हणावं?

प्रेषित. मराठी बायबलात हाच शब्द आहे. त्यातल्या एका पुस्तकाचं नावच 'प्रेषितांची कृत्ये'. मूळ ग्रीक 'अपोस्तोलोस' म्हणजे धाडलेला माणूस. पाकिटावर आपण 'प्रेषक' लिहितो ना, त्याचाच हा भाऊ: धाडणारा तो प्रेषक, धाडलेला तो प्रेषित.

ताई चुकल्या असं नाही. हिंदी बायबलात 'प्रेरित'च आहे, आणि संस्कृतात त्याचा 'पाठवलेला' असाही अर्थ होतो. मराठीने तो अर्थ सोडून दिला. सिनेमाच्या सुरुवातीला 'सत्यघटनेवरून प्रेरित' ही पाटी वाचून वाचून आपले डोळे तयार झालेत, त्यामुळे आजींचा प्रश्न अगदी रास्त.

'शिष्य' मात्र इथे चालणार नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. पौल येशूच्या बारा शिष्यांतला नव्हे. येशूच्या हयातीत तो त्याच्यामागे हिंडला नाही. उलट येशूला मानणाऱ्यांना धरून धरून तुरुंगात घालत होता. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशूचं दर्शन झालं आणि माणूस उलटा फिरला. आपल्या वाल्या कोळ्याची आठवण होते, फक्त इथे नारद भेटला नाही. बारांपैकी येशूला दगा देणाऱ्या यहूदाची जागा भरताना जी अट घातली होती, पहिल्यापासून सोबत असलेलाच हवा, तीत पौल बसलाच नसता. म्हणून तो प्रेषित आहे की नाही यावर त्याच्या हयातीतच वाद झाले. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना तो पत्रात जवळजवळ चिडून सांगतो, इतरांसाठी नसेन, पण तुमच्यासाठी तरी मी प्रेषित आहे! चित्रपटात सम्राट नीरोच्या काळातल्या रोममध्ये कोठडीत बसलेला म्हातारा पौल आणि त्याला भेटायला येणारा त्याचा सोबती लूक दिसतात. प्रेक्षकाला हा जुना वाद ठाऊक असेल, तर शीर्षकातला तो एक शब्द केवढा झगडून मिळवलेला आहे हे कळतं. 'शिष्य' म्हटलं की तो झगडाच पुसला जातो.

आणखी एक गुंता. वर्तमानपत्रांत 'प्रेषित' म्हटलं की मुहम्मद पैगंबर डोळ्यांपुढे येतात. तेही बरोबरच, त्यांच्यासाठीचा अरबी शब्द 'रसूल' म्हणजेही पाठवलेलाच. मराठी बायबल जुन्या करारातल्या यशया, यिर्मयांसारख्यांना 'संदेष्टा' म्हणतं, त्यामुळे तिथे घोळ होत नाही.

अशा चित्रपटाला संतपट म्हणावं का, असंही विचारलंय. खुशाल म्हणा. प्रभातच्या १९३६च्या 'संत तुकाराम'सारख्या चित्रपटांमुळे तो शब्द आपल्या तोंडात बसलाय, आणि कथा आधीच ठाऊक असलेला, हात जोडून बसणारा प्रेक्षक दोन्हीकडे तोच. फक्त टाळ-अभंगांची वाट बघू नका.

ताईंशी बोलताना मात्र 'प्रेरित'च म्हणा. हिंदीत 'प्रेषित पौलुस' ऐकून त्यांना वाटायचं, पौलाला कुरियरने पाठवलं की काय.