भीमा नदी कुठून कुठे वाहते, तिचं आर्थिक महत्त्व काय आणि साखर कारखान्यांनी तिचं प्रदूषण कसं केलं?

उगम भीमाशंकरला, शेवट कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेत, लांबी साधारण 860 किलोमीटर. पण दोष कारखान्यांचा हे तुम्ही प्रश्नातच ठरवून टाकलंय, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही इंदापूर तालुक्यातले, भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे. जुनं गाव धरणात गेलं. मागच्या उन्हाळ्यात पुण्याचे दाजी आले होते. जेवताना म्हणाले, "तुम्ही ऊसवाल्यांनीच नदीची वाट लावली." पाहुण्याला ताटावर काय बोलायचं? हात धुतल्यावर थेट नदीवरच्या पाण्याच्या मोटारीपाशी नेलं. पाणी हिरवंगार, वास मारणारं, फुटवॉलला जलपर्णीचा गुंता. म्हटलं, दाजी, पाय घाला. नाही घातले. त्यात उतरलं की आमच्या अंगाला खाज सुटते. माझे वडील याच नदीचं पाणी ओंजळीने प्यायचे, आज घरात जार येतो. मरळ, वाम क्वचितच, जाळ्यात चिलापीच जास्त.

ही घाण येते वरून. पवना दापोडीला मुळेत, मुळा-मुठा पुण्यात एक होतात आणि पुणे आणि पिंपरी-चिंचवड, दोन्ही शहरांचं मैलापाणी घेऊन रांजणगाव सांडसला भीमेत उतरतात. त्यातलं कितीतरी प्रक्रियेविना. आळंदीला फेसाळणारी इंद्रायणीही तुळापूरला भीमेतच येते. सोलापूर जिल्ह्यातले कारखाने बहुतेक धरणाच्या खाली आहेत, त्यांची मळी उलटी चढून उजनीत येत नाही.

महत्त्वाचं म्हणाल तर 1980 साली पूर्ण झालेलं 117 टीएमसीचं हे धरण. सोलापूर शहर हेच पाणी पितं, वारीला चंद्रभागेत हेच सोडतात. ऊस, केळी, मासेमारी, भिगवणला रोहित पक्षी बघायला येणारी गर्दी, सगळं यावरच.

दौंड-शिरूरकडचे कारखाने आणि कुरकुंभची रासायनिक वसाहत मात्र वरच्या अंगाला आहेत, तेही धुतल्या तांदळाचे नाहीत. आमच्या उसाचा युरियाही पाण्यातच उतरतो, हे मान्य.

तरी अभ्यास करायचाच असेल तर एक बाटली पुण्याच्या वर खडकवासल्याला भरा, दुसरी शहराच्या खाली मुंढव्याला. मधे एकही साखर कारखाना नाही. धरण आटलं की आमच्या मोटारींची वीज तासांवर आणतात. मग शहर वापरलेलं पाणी शुद्ध करून सोडत नसेल, तर त्याचाही उपसा तेवढा कमी करा.