‘मोर बेटर’ चूक, मग ‘श्रेष्ठतम’ बरोबर कसं?

एका वाचकाचा प्रश्न आहे. ऑफिसच्या मेलमध्ये त्यांनी ‘धिस प्लॅन इज मोर बेटर’ असं लिहिलं. साहेबांनी चारचौघांत ‘मोर’ खोडलं आणि वर ऐकवलं, ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.’ वाचकाचं म्हणणं असं: ‘चूक कबूल. पण मग आपण सर्वश्रेष्ठ, श्रेष्ठतम, अधिक वरिष्ठ असं सर्रास लिहितो, ते कसं चालतं? आणि जाता जाता, सीनिअर दॅन का चुकतं, सीनिअर टू का बरोबर?’

साहेबांची दुरुस्ती बरोबर आहे. कारण मात्र लंगडं आहे. इंग्रजीच्या म्यानात दोन-दोन तलवारी कितीतरी आहेत, आणि त्यांतल्या काही साहेब स्वतः रोज वापरत असणार.

आधी ही चूक आपल्याच हातून का होते ते पाहू. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण घ्या. यात ‘मऊ’ हा शब्द जागचा हललेला नाही. वीट एकटी असती तरी मऊच, दगडाशेजारी ठेवली तरी मऊच. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’वर. हा ‘पेक्षा’ म्हणजे संस्कृतातली ‘अपेक्षा’, तिच्या जुन्या अर्थाने: एखाद्या गोष्टीकडे पाहता, तिचा विचार करता. दगडाकडे पाहता वीट मऊ, एवढंच आपण म्हणतो. ‘सर्वांत मऊ’ म्हणतानाही मऊ तसाच राहतो. (हे ‘सर्वांत’ अनुस्वार देऊन लिहायचं, कारण ते सगळ्यांमध्ये या अर्थी अनेकवचन आहे. वर्तमानपत्रांनी त्याचा अनुस्वार कधीच गिळला, ते सोडा.) तेव्हा विशेषणाच्या पोटातच तुलना असते याची मराठी कानाला सवय नाही. ‘बेटर’ ऐकलं की आपण मनात ‘चांगला’ एवढंच नोंदवतो आणि ‘अधिक’साठी वेगळा शब्द शोधायला लागतो. ‘ही इज टॉल दॅन मी’ ही याच चुकीची दुसरी बाजू. तिथे ‘दॅन’ला आपण ‘पेक्षा’ समजतो आणि टॉलला हातच लावत नाही. शाळेत ‘नो अदर’ आणि ‘व्हेरी फ्यू’ची वाक्यं उलटीपालटी करून आपण पैकीच्या पैकी मार्क मिळवले, पण ही गोष्ट कुणी सांगितली नाही.

आता गंमत अशी की, मराठीने सोडलेली ही पद्धत संस्कृतात भरभक्कम होती आणि इंग्रजीशी तिचं रक्ताचं नातं आहे. इंग्रजीतलं शेवटचं ‘एस्ट’ आणि संस्कृतातला ‘इष्ठ’ हे एकाच मुळाचे. ‘स्वीट’ आणि ‘स्वादु’ हेही एकाच मुळाचे. म्हणजे ‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादिष्ठ’ हे डोक्यापासून पायापर्यंत सख्खे शब्द आहेत. दोहोंचा मूळ अर्थ, सर्वांत गोड. संस्कृतात दुसरी जोडी ‘तर’ आणि ‘तम’ची. फारसीतल्या ‘बेहतर’, ‘बदतर’मधला ‘तर’ तोच. दोघांत तुलना असेल तर ‘तर’ किंवा ‘ईयस्’, अनेकांत असेल तर ‘तम’ किंवा ‘इष्ठ’, ही वाटणी पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात घालून दिली आहे. इंग्रजीच्या मास्तरांचं ‘द बेटर ऑफ द टू’ हे तेच.

गुड-बेटर-बेस्ट पाठ करताना ‘हे गुडर-गुडेस्ट का नाही?’ असं कुणी विचारलं तर पाणिनीकडेच बोट दाखवायचं. त्याच्याकडे ‘प्रशस्य’ म्हणजे वाखाणण्याजोगा, त्याची पुढची रूपं श्रेयस् आणि श्रेष्ठ. प्रशस्यचा तिथे मागमूस नाही. सूत्र सरळ सांगतं की प्रशस्यच्या जागी ‘श्र’ घ्या. वृद्धाच्या जागी ‘ज्य’ घेतलं की ज्येष्ठ. युवा किंवा अल्प यांच्या जागी ‘कन’ घेतलं की कनिष्ठ. जवळ या अर्थाचा ‘अन्तिक’ असाच बदलून नेदीयस् आणि नेदिष्ठ होतो. हा ‘जवळ’ लक्षात ठेवा, इंग्रजीतही त्याने घोळ घातला आहे.

इंग्रजीत जवळ या अर्थी जुना शब्द ‘नाय’. त्याचं तुलनेचं रूप ‘निअर’ आणि टोकाचं रूप ‘नेक्स्ट’. पुढे नाय मागे पडला. निअरमधली तुलना लोकांच्या कानातून गेली, तो नुसता ‘जवळ’ झाला आणि त्याला पुन्हा शेपूट लावून ‘निअरर’ केलं गेलं. म्हणजे निअरर हा मुळात ‘मोर बेटर’चाच भाऊ. ‘लेसर’ही तसाच: ‘लेस’मध्ये तुलना आहेच, वर आणखी एक शेपूट. ‘फोरमोस्ट’ तर नामी आहे. जुन्या इंग्रजीत ‘फोर्मा’ म्हणजे सर्वांत पुढचा. त्यातलं टोकाचं रूप ओळखू येईना तेव्हा त्यावर दुसरं चढवलं, आणि लोकांना त्या शेवटात ‘मोस्ट’ ऐकू येऊ लागलं, तसं स्पेलिंगही झालं. हे तीनही शब्द आज निर्दोष समजले जातात.

आणि उघडउघड दोन तलवारी? शेक्सपिअरच्या ज्युलिअस सीझरमध्ये ब्रूटसच्या वाराला अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ म्हणतो. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात ‘मोस्ट स्ट्रेटेस्ट’ आहे. त्या काळी हे अडाणीपणाचं लक्षण नव्हतं, जोर देण्याची रीत होती. नंतर व्याकरणकारांनी छडी उगारली. 1762 साली रॉबर्ट लौथचं इंग्रजी व्याकरण आलं, त्यात अशा दुहेरी रूपांना चूक ठरवलं आहे. लौथ धर्मगुरू, पुढे लंडनचा बिशप झाला. जुन्या स्तोत्रांतल्या ‘मोस्ट हायेस्ट’पाशी मात्र त्याची छडी अडली. देव हा सर्वोच्चाहूनही उंच, तेव्हा त्याला हे शोभतं, असं म्हणून त्याने तेवढी सूट दिली. मला हा मनुष्य त्या एका सुटीमुळे आवडतो.

म्हणजे ‘मोर बेटर’ तर्काने चूक नाही, रिवाजाने चूक आहे. रिवाज पक्का आहे, तेव्हा ऑफिसच्या मेलमध्ये ते लिहायचं नाही. पण जो हसतो त्याला निअरर विचारावं.

आता आपल्या शब्दांकडे. तुमच्या यादीतला ‘सर्वश्रेष्ठ’ निर्दोष आहे, त्यात दोन तलवारी नाहीतच. ‘सर्व’ हा कुणांमध्ये श्रेष्ठ ते सांगतो, ‘बेस्ट ऑफ ऑल’ म्हणावं तसा. ‘सर्वोत्तम’ही तसाच. ‘श्रेष्ठतम’ मात्र खरा दुहेरी: इष्ठ झाला, वर तम. पण त्याला चूक म्हणायची माझी छाती नाही, कारण शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे. इतक्या जुन्या काळीही ‘श्रेष्ठ’मधला इष्ठ एकट्याने पुरेसा वाटत नव्हता. मराठीत येईपर्यंत तर तो पार झिजला. ‘भाजी स्वादिष्ट झाली’ म्हणताना जगातली सर्वांत गोड भाजी कुणाच्या मनात नसते. आपण तो ष्ठ सुद्धा ष्ट करून टाकला. ‘वरिष्ठ’ही असाच, ‘वरिष्ठांना कळवा’ यात वरिष्ठ म्हणजे फक्त वरचा माणूस, म्हणून ‘अधिक वरिष्ठ’ कुणाला खुपत नाही. ‘कनिष्ठ महाविद्यालय’ शब्दशः घ्यायचं तर ‘सर्वांत धाकटं कॉलेज’ होईल, आणि अशी सर्वांत धाकटी कॉलेजं गल्लोगल्ली आहेत.

याच घराण्यातली एक खरी चूक दाखवतो, लसावि. पुष्कळजण ‘लघुत्तम’ साधारण विभाज्य म्हणतात. लघु अधिक तम म्हणजे लघुतम, एकच त. शेजारच्या मसावितल्या ‘महत्तम’मध्ये दोन त आहेत, कारण ‘महत्’ स्वतःचा एक त घेऊन येतो. लघुने तो शेजाऱ्याकडून उसना घेतला. हीही चूक उद्या रिवाज झाली तर मी फार भांडणार नाही, आज भांडतो.

राहिलं सीनिअर. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर, प्रायर ही लॅटिनमधली तयार तुलनारूपं इंग्रजीने आहेत तशी उचलली. ज्युनिअरमधलं मूळ आणि आपल्या ‘युवा’तलं मूळ एकच. सीनिअरचा ‘सन’ या संस्कृत शब्दाशी संबंध आहे, अर्थ जुना, ‘सनातन’मध्ये तो दिसतो. या पाहुण्यांची तुलना इंग्रजी कानाला घरची वाटत नाही, म्हणून त्यांच्यामागे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतं. मात्र सीनिअरच्या आधी ‘मोर’ लावलंत की घरचा नियम लागू होतो: ‘मोर सीनिअर दॅन मी’ हे शुद्ध आहे. सुपीरिअरला ही सवलत नको, ते ‘टू’च घेतं.

‘एल्डर’चा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मराठी माणूस तिथे हमखास घसरतो. एल्डर म्हणजे आपला ‘थोरला’. ‘माझा थोरला भाऊ’ झकास वाटतं, ‘तो माझ्यापेक्षा थोरला आहे’ म्हटलं की कान जरा अडखळतो, तिथे आपण ‘मोठा’ म्हणतो. इंग्रजीतही तसंच: ‘एल्डर ब्रदर’ म्हणा, पण ‘दॅन’ आलं की ‘ओल्डर’.

आणि तुमचा तो मेल. तुम्हाला म्हणायचं होतं ‘हा प्लॅन कितीतरी चांगला आहे’ किंवा ‘आणखी चांगला आहे’. पहिल्यासाठी ‘मच बेटर’, दुसऱ्यासाठी ‘इव्हन बेटर’. ‘व्हेरी बेटर’ नको.