जुलाबाची गोळी घेण्यापूर्वी

जुलाब थांबवण्यासाठी लोपेरामाइडची गोळी घ्यावी का, हे आपण आधी विचारलेत ते फार चांगले केले, कारण ही गोळी जुलाबाचे मूळ कारण दूर करीत नाही, केवळ आतड्यांची हालचाल मंदावते. म्हणून पहिला मान ओआरएसचा, म्हणजे अंगातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणाऱ्या पुडीचा. एक लिटरची पुडी उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात पूर्ण विरघळवावी (अंदाजाने चिमूटभर पेल्यात टाकणे ही नेहमीची चूक), घोटाघोटाने प्यावी आणि चोवीस तासांनी उरलेले पाणी टाकून द्यावे. प्रौढाने गोळी घेतलीच, तर २ मिलिग्रॅमच्या चारपेक्षा अधिक गोळ्या दिवसभरात घेऊ नयेत. अतिमात्रेने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शौचावाटे रक्त पडत असल्यास किंवा ताप असल्यास ती घेऊच नये, आणि लहान मुलांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये. दोन दिवसांत उतार पडला नाही, तर दवाखाना गाठावा.